कॅसेटवरचं इंजिन

१४ मार्च १९८२, रविवार

सुरू झाली! सुरू झाली!

आधी नुसतीच खोकली. मग सायलेन्सरमधून काळा धूर, त्याबरोबर कसलं तरी वाळकं गवत — आणि मग एकदम सुरू! बॉनेटच्या कडेला डोकं टेकून मी हसत होते की रडत होते, देव जाणे. सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगो, केवढा हा धूर! वाळत घातलेले पापड काळे झाले." पापड गेले खड्ड्यात.

गाडी मधुकरची. म्हणजे माझ्या नवऱ्याची. पंचवीस वर्षांची जुनी एमजी — दोनच सीटा, छप्पर नाही, दाराला बाहेरून मूठसुद्धा नाही. आत हात घालून दोरी ओढायची की दार उघडतं. पनवेलच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोठ्यात ती पडली होती. मधुकरने आणली, हौसेने खोलली, इंजिनाचे तुकडे पोत्यांत भरले आणि स्वतः कुवेतला गेला! जनरेटरवर मेकॅनिक. तीन वर्षांचा करार. जाताना मला बजावलं, "हात लावू नकोस, फक्त गंज चढू देऊ नकोस."

वाशीत, खाडीच्या वाऱ्यात, हात न लावता गंज चढू द्यायचा नाही! म्हणून एक तुकडा पुसला. मग दुसरा. मग दोन एकमेकांत बसतात का बघितलं. बसले. मी कारखान्यात पंपांची ड्रॉइंगं काढते, बारा वर्षं काढतेय. पण कागदावरची वस्तू कधी हातात घेऊन जागेवर बसवली नव्हती. दोन वर्षं झाली आता. आज ती बोलली.

२१ मार्च, रविवार

कॅसेट भरली. उद्या शिरवण्याचा कुणी तरी कुवेतला चाललाय, त्याच्या हाती द्यायची.

कॅसेट भरणं म्हणजे आमच्याकडे सत्यनारायणच. सासूबाई चांगलं लुगडं नेसतात — जसं काही टेपमधून दिसणार आहे. आधी त्या बोलतात, मग मी. मी काय बोलणार? तिकडे खोलीत आठजण राहतात आणि कुणाचीही कॅसेट आली की आठही जण भोवती बसून ऐकतात. घरचा आवाज सगळ्यांचा, असा तिथला रिवाज. तेव्हा मी "अहो" म्हणायचं, तब्येतीला जपा म्हणायचं, पाऊसपाणी सांगायचं. या वहीत तेवढा तो मधुकर.

पण आज मी टू-इन-वन उचलला, बाहेर नेला आणि गाडी सुरू करून इंजिनाजवळ धरला. "ऐका!" एवढंच म्हणाले. काय मजा वाटत होती! तेवढ्यात सासूबाई मागून आल्या, टेपवर वाकल्या आणि ओरडल्या, "जहूर मिस्त्री करतो हो सगळं!"

कॅसेट संपलीच तिथे.

मी म्हटलं, "आई, जहूरने काय केलं?" तर म्हणतात, "मग काय सांगू? बायको गाडीखाली लोळते म्हणून? आठ बाप्ये आहेत तिथे. चिडवून चिडवून जीव घेतील त्याचा."

खरं आहे, चिडवतील. मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

२५ एप्रिल, रविवार

उत्तर आलं! मधुकर हल्ली टेपवर ओरडून बोलतो, ट्रंककॉल लावल्यासारखा. जनरेटरच्या धडधडाटात सवय लागली असणार. म्हणाला, "इंजिन छान! पण तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. जहूरला म्हणावं, जरा घट्ट कर."

मी झाकण उघडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातली. तिसराच! ढिला!

समुद्रापलीकडे बसून, त्या फाटक्या स्पीकरमधून, हा माणूस एक टॅपेट ओळखतो! मला असा काही अभिमान वाटला की पान्हा हातात घेऊन तशीच बसून राहिले. लग्न केलं ते उगाच नाही.

मग पुढचं वाक्य ऐकलं. "जहूरचा हात सोन्याचा आहे. त्याला माझा सलाम सांग."

२ मे, रविवार

जहूरभाईंना सलाम सांगितला. तुर्भ्याला त्यांचं लेथचं दुकान आहे. मला जे कातून हवं असतं ते मी ड्रॉइंग काढून देते, ते कातून देतात. बाकी एमजीच्या इंजिनाजवळ ते फिरकतसुद्धा नाहीत. एकाच इंजिनाला दोन कार्बोरेटर बघून पहिल्या दिवशी कानाला हात लावला होता. "वयनी, आपला काम ट्रकचा. ही नखरेवाली हाय. एकाला मनवली की दुसरी रुसते."

सलाम ऐकून जहूरभाई पोट धरून हसले. "काम तुमचा, सलाम आमाला! वा!"

मला नाही हसू आलं.

१६ मे, रविवार

शोध लावला! अँबॅसिडरचं इंजिन आणि हिचं इंजिन सख्खी चुलत भावंडं निघाली. ब्लॉक तोच, भोक तेच. पिस्टन, रिंगा, गॅस्केट — कुर्ल्याला कुठल्याही दुकानात मिळतात. बिचारा मधुकर विलायतेहून मागवायच्या गोष्टी करायचा!

फक्त टॅक्सीचे पिस्टन घातले की ती टॅक्सीसारखीच धावणार. म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, थोडं घासून घ्यायचं — आतली जागा कमी, दाब जास्त. किती घासायचं त्याचं गणित मांडतेय. कारखान्यात पंपाचं ड्रॉइंग वर आणि खाली हे गणित. साहेब आले तर पंप.

मधुकर म्हणेल, मूळ होती तशी ठेव. त्याला सगळं मूळ हवं असतं. मला ती पळायला हवीय. सारखं वाटतं, काहीतरी पळायला हवं. या घरात, या रस्त्यावर, ऑफिसात सगळं कसं जागच्या जागी! सेक्टरांच्या पाट्यासुद्धा रोवून ठेवल्यात आणि घरं अजून यायचीत.

११ जुलै, रविवार

पायाखालच्या फळ्या फुगल्या. हो, फळ्या! या गाडीला पायाखाली लाकूड आहे. सुताराला दाखवलं तर म्हणाला, "बाई, ही गाडी का पाट?" नव्या बसवल्या, दोनदा रंग दिला. सासूबाई दिवा धरून उभ्या होत्या. मधेच म्हणाल्या, "तिकडे तो कोपरा राहिला बघ." म्हणजे लक्ष आहे त्यांचं!

१ ऑगस्ट, रविवार

घासलेलं हेड बसवून इंजिनाची नवी कॅसेट भरली. दोन्ही कार्बोरेटर वेगवेगळे ऐकवले. रबरी नळी एकाच्या तोंडाशी धरायची, दुसरं टोक कानाला, मग दुसऱ्याच्या, दोघांची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. कितीतरी रविवार गेले यात. झोपेतही कानात फुसफुस चालू असते. पण अजून नीट नाही. कुठे, ते मला सापडत नाही.

सासूबाई दूध उतू जातंय म्हणून आत पळाल्या. मी टेप जवळ ओढला आणि अगदी हळू म्हटलं, "मधुकर, लवकर ये ना."

आठजणांनी ऐकलं तर ऐकलं.

१२ सप्टेंबर, रविवार

कॅसेट आली. "मागचा कार्बोरेटर हवा जास्त ओढतोय. बुडाच्या गॅस्केटला कुठेतरी चीर असणार. जहूरला म्हणावं, बदल." खोलला. केसाएवढी चीर!

पुढे आईच्या गुडघ्याची चौकशी. गणपती कसा झाला. जहूरची तारीफ.

आणि मी जे हळू म्हटलं होतं त्याबद्दल एक शब्द नाही. दोन्ही बाजू दोनदा ऐकल्या. नाही. गॅस्केटची चीर ऐकू येते आणि हे नाही ऐकू येत!

१० ऑक्टोबर, रविवार

आज नेरूळच्या बाजूला नेली. नवे डांबरी रस्ते, ऐसपैस, सरळ — आणि चिटपाखरू नाही. दोन्हीकडे भाताची शेतं, मधे कुठेतरी सेक्टरची पाटी. आरपीएमचा काटा बंदच आहे हिचा. गिअर कधी बदलायचा ते कानानेच ओळखायचं. दुसरा. तिसरा. इंजिन "आता" म्हणतं तेव्हा चौथा. पदर कमरेला घट्ट खोचला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मोठमोठ्याने काहीतरी बडबडत होते. काय ते आठवत नाही.

गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा रस्त्याच्या कडेला थांबला. "बाय, आग लागली का कुठं?" मी म्हटलं, "नाही हो काका!" आणि परत वळवून आणखी एकदा गेले.

१७ ऑक्टोबर, रविवार

जहूरभाई बातमी घेऊन आले. मुंबईचा एक मोटर क्लब जानेवारीत याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची वेगाची स्पर्धा घेणार. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. तारीख तेवीस.

मला धावायचंय. मला! पण गाडी मधुकरच्या नावावर. त्याने हो म्हटलं तरच दुसऱ्या कुणी चालवायची. कॅसेटवर कसं विचारू? विचारायचं तर आधी सांगावं लागेल की जहूर नाही, मी. आठजणांसमोर. आणि इतके महिने तो जहूरला सलाम धाडतोय त्याचं काय?

१९ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र लिहायला बसले. कागदावर ते भीक मागितल्यासारखं दिसायला लागलं. फाडलं. हे तोंडावर सांगायचं. स्पर्धेच्या आत यावा फक्त.

२८ नोव्हेंबर, रविवार

येतोय! जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात.

सासूबाईंनी टेप थांबवून देवापुढे साखर ठेवली. परत लावला तर पुढे — "आईने स्पर्धेचं सांगितलं ते कळलं. मस्त! मी चालवीन. जहूरला म्हणावं, गाडी तयार ठेव."

मी चालवीन.

सासूबाईंना विचारलं, "तुम्ही कधी सांगितलंत?" म्हणाल्या, "तू भाजी आणायला गेली होतीस तेव्हा भरली थोडी. का गो? लपवायचं होतं?"

तोंडावर हसू ठेवून पोळ्या लाटल्या. एकही गोल झाली नाही.

१९ डिसेंबर, रविवार

आज एक पाप करणार होते. मागच्या कार्बोरेटरचा स्क्रू दोन फेरे फिरवला तर गाडी फुटफुट करून बसेल. बसू दे! जहूरच्या सोन्याच्या हाताची होऊ दे शोभा! फिरवला. मग त्या इंजिनाकडे बघवेना. त्याने काय केलं होतं माझं? परत जागेवर आणला, नळी लावून ऐकून.

१२ जानेवारी १९८३, बुधवार

आला. वाळलाय. कानाजवळचे केस पांढरे झालेत. चारही बाजूंनी सगळे एकदम बोलत होते आणि हा नुसता हसत मान डोलवत होता. सासूबाई म्हणाल्या, "परदेशात राहून मितभाषी झाला हो."

आल्या आल्या गाडीकडे गेला. मी सुरू केली. त्याने बॉनेटवर हात पसरून ठेवला आणि डोळे मिटले. खूप वेळ. मला वाटलं, आता विचारेल. आता म्हणेल, हे कुणी केलं? डोळे उघडून म्हणाला, "जहूर कमाल आहे."

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. आणि मी काय गोड बोलणार!

गाडी घेऊन नेरूळला गेलो. तो चालवत होता. बाई गं! दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतंय, आणि हा बदलेचना! मी ओरडले, "बदल! गिअर बदल!" वळूनसुद्धा बघितलं नाही. मग चौथ्यात टाकली ती वेग नसताना, नॉकिंग सुरू झालं, हातोडी मारल्यासारखं — तरी पाय तसाच दाबलेला. जो माणूस कुवेतमधून चीर ऐकतो त्याला हे ऐकू येत नाही? की दुसऱ्याच्या मेहनतीची गाडी म्हणून फिकीर नाही?

शेवटी मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. चालत्या गाडीत! दचकला. म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि तोंड फिरवून शेतांकडे बघत बसले.

१६ जानेवारी, रविवार

जहूरभाईंसाठी त्याने घड्याळ आणलंय. दुकानात दोन्ही लेथ चालू. जहूरभाई घड्याळ घेईचनात. खाली मान घालून, फडक्याला हात पुसत म्हणाले, "मधुकरशेठ, मी नाय केला काम. वयनींनी केला. आमी फक्त कातून दिला."

झालं! सांगून टाकलं!

मधुकर हसला. जहूरभाईंच्या खांद्यावर थाप मारली, घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं आणि म्हणाला, "राहू दे, राहू दे. तुझा हक्क आहे." आणि बाहेर पडला.

जहूरभाई माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. असा कसा हा माणूस? ऐकून न ऐकल्यासारखं करतो! जिभेवर एक शिवी आलीय, ती लिहिते. नाही लिहीत.

१८ जानेवारी, मंगळवार

रजा टाकली. गाडी जॅकवर चढवून खालून ब्रेकची नळी बघत होते. तो चाकापाशी उभा होता, मला फक्त चपला दिसत होत्या. म्हटलं, आता समोर तोंड नाही, बरंच आहे. बोलून टाकते. आणि बोलले. सगळं. पोती, पिस्टन, हेडचं गणित, फळ्या, नळी. जहूरचं नाव आईंनी घेतलं तेव्हा मी का गप्प बसले ते. म्हटलं, "मधुकर, गाडी मी उभी केलीय. रविवारी मला चालवायचीय. मला दे."

चपला हलल्या.

"चहा टाकतेस का?" म्हणाला. आणि आत गेला.

मी तशीच खाली पडून राहिले. ऑइल गळून केसांत आलं तरी.

२० जानेवारी, गुरुवार

दोन दिवस मी त्याच्याशी बोललेली नाही. त्याच्या लक्षातही आलेलं नाही!

२२ जानेवारी, शनिवार

सकाळी किल्ली माझ्यापुढे धरली. "उद्या तू चालव." मी म्हटलं, उपकार नकोत. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरुणा, मला ती ऐकू येत नाही."

गेल्या जानेवारीत तिकडे हवेची टाकी फुटली, हा शेजारीच उभा. एक कान गेला. दुसऱ्याने, कुणी समोर बसून मोठ्याने बोललं तर थोडंसं. करार संपला, आता परत घेणार नाहीत. आईला आणि मला कळू नये म्हणून वर्षभर दडवलं. मी मोठ्याने विचारलं, "मग टॅपेट? गॅस्केट?" खोलीत मुख्तार म्हणून उरणचा मेकॅनिक आहे. कॅसेट तो ऐकायचा, कागदावर लिहून द्यायचा, हा तेच टेपवर बोलायचा. मी काय बोलते तेही मुख्तारच लिहायचा, जेवढं लिहावंसं वाटेल तेवढं. वर्षभर मधुकरने माझा आवाज ऐकलेला नाही. मंगळवारी गाडीखालून बोलले तोही नाही.

मी स्टूल ओढलं. त्याच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसले आणि ओरडून सांगितलं, "गाडी मी केली!" म्हणाला, "पुन्हा." पुन्हा सांगितलं. सासूबाई दारात आल्या, शेजारी गॅलरीत आले. मी तिसऱ्यांदा सांगितलं.